पंजा

गावाचं नाव लिहीत नाही.
का, ते पुढे येईल.
वैनगंगेच्या अलीकडे, एवढं पुरे.

एसटी मला खंदकाच्या कडेला टाकून गेली.
"शेवटची पाच वाजता, जी," कंडक्टर म्हणाला,
"नाही तं झोपा मंग किल्ल्यात."
पाठीवर सॅक, खिशात कागद:
लायब्ररीत बसून उतरवलेल्या अकरा ओळी.
स्तूप, परकोट, दगडी दरवाजा, नाणी.

खंदकात शिंगाड्याचा वेल माजला होता.
ट्यूबवर बसलेला इंदल मारबते
एकेक पान उलटं करत मागे मागे सरकत होता,
जुन्या वहीत उधारी शोधावी तसा.
स्तूप विचारला.
त्यानं ओल्या हातानं टेकडी दाखवली,
दुसऱ्या हातानं मूठभर शिंगाडे पुढे केले.
"आधी हे घ्या. ते काई पळून नाई जात."

टेकडीला तारेचं कुंपण. फाटकाला कुलूप.
निळा फलक, त्यावरची अक्षरं
उन्हानं माझ्याआधीच वाचून नेलेली.
आत गवत, गवतात एक शेळी.
तिला आत जायची वाट माहीत होती
आणि ती मला सांगणार नव्हती.
अकरातल्या चार ओळी तिथंच संपल्या.

दरवाजातून धानाचा ट्रॅक्टर आत येत होता.
हत्ती अडावेत म्हणून बांधलेली कमान
पोत्यांना दोन्ही अंगांनी घासत होती.
कमानीवर चुन्यानं: बोअरवेल मारून मिळेल.

दुपार कलली तेव्हा
कोष्टीपुऱ्यात एका अंगणात पाणी मागितलं.
पडवीत माग होता, मागावर कोंबडी.
"हात धुवा आधी," सुगंधा निनावे म्हणाल्या, "थे तेथी."
तेथी, न्हाणीच्या तोंडाशी, एक वीट.
जवळजवळ दोन विती लांब,
आणि तिच्यात कुत्र्याचा पंजा.

चार बोटं, एक गादी.
वीट ओली असताना, वाळत घातलेली असताना
कुणाचं तरी कुत्रं तिच्यावरून गेलं असेल.
कुणीतरी "हाड!" केलं असेल.
तेव्हा हाडला काय म्हणत,
ते माझ्या कागदावर नव्हतं.
मग त्या माणसानं वीट मोडली नाही,
तशीच भट्टीत लावली.
आळसानं, की त्याला हसू आलं म्हणून?

मी उकिडवा बसलो. खळग्यांत बोटं घातली.
आत साबणाचं पाणी होतं. कोमट.

"थे बाजू मुद्दाम वर ठेवली मीनं," बाई म्हणाल्या.
"पाय सटकत नाई. सासूच्या वक्तापासून हाय."

मी फोन काढला.
त्यांनी न बोलता बादली उचलली
आणि नेमकी विटेवर ठेवली.
"फोटो नोका. गावाचं नाव बी नोका लिहू.
पेपरात आलं का सायेब येतीन,
माई वीट काचेत नेऊन ठेवतीन,
अन् मी पडीन इथी, कंबर मोडून."

मग पाण्याचा गडवा देत, सहज:
"तुमच्या गावाले काय हाय पाह्यासारखं?"

म्हणालो, नागपूर.
म्हणजे नागपूर नाही तसं. बाहेर. नवा लेआउट.
प्लॉट नंबर सत्तावन.
आधी तिथे संत्र्याची बाग होती म्हणतात.

"म्हन्तात?"

गडवा रिकामा होता,
तरी मी तोंडाला लावून धरला.

पाचची गाडी साडेपाचला आली. तोच कंडक्टर.
"पाह्यलं का मंग किल्लाबिल्ला?"
"कुत्रं पाहिलं," मी म्हणालो.
त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, मशीन दाबली,
तिकीट हातात दिलं.
खिडकीपाशी बसून शिंगाडे सोलले.
नखं काळी झाली, ती चार दिवस निघाली नाहीत.